गीतरत्नातील अर्धे वचन

पवित्र शास्त्रातील बहुतेक पुस्तकांत परमेश्वर बोलतो, आज्ञा देतो, रागावतो आणि क्षमाही करतो. ‘गीतरत्न’ ह्या आठ अध्यायांच्या चिमुकल्या पुस्तकात मात्र तो उघडपणे कोठेच दिसत नाही. तेथे बोलतात ते एक युवक आणि एक युवती. द्राक्षमळे फुलले आहेत, पारवे घुमत आहेत, नगराचे पहारेकरी रात्रीच्या अंधारात हिंडत आहेत. आणि ही दोघे एकमेकांना शोधतात, हरवतात, पुन्हा शोधू लागतात. एकशे सतरा वचनांचे हे प्रेमकाव्य शास्त्रग्रंथात आले कसे, हा प्रश्न प्राचीन यहुदी पंडितांनाही पडला होता. रब्बी अकिवा ह्या थोर गुरूने तो निकालात काढला. सर्व ग्रंथ पवित्र असले तरी गीतरत्न हे परमपवित्र होय, असा त्यांचा अभिप्राय मिश्ना ह्या ग्रंथात नोंदलेला आहे. ह्याच अकिवांनी मेजवान्यांच्या ठिकाणी गळा लावून हे गीत आळवणाऱ्यांची कानउघाडणीही केली होती. त्या कानउघाडणीतून आम्हांला एक गोष्ट कळते, ती अशी की लोक हे गीत गात होते. पंडितांच्या वादाच्या आधीपासून ते गाण्यासाठीच होते.

पुढे ख्रिस्तसभेने ह्या प्रेमाचा आध्यात्मिक अर्थ लावला. प्रियकर म्हणजे ख्रिस्त आणि प्रेयसी म्हणजे ख्रिस्तसभा, अथवा प्रत्येक भाविकाचा आत्मा. तिसऱ्या शतकात ओरिजेनने ही वाट रुंद केली. बाराव्या शतकात संत बर्नार्ड ह्यांनी गीतरत्नावर अठरा वर्षे प्रवचने दिली. त्यांची संख्या ८६ झाली, आणि तरीही तिसऱ्या अध्यायाच्या उंबरठ्यावरच त्यांचा देह पडला. मराठी वाचकाला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या ज्याने ऐकल्या आहेत, त्याला विरहिणीचा शोक देवासाठी असू शकतो हे वेगळे सांगावे लागत नाही. १५८४ साली रोम येथील श्रेष्ठ संगीतकार पालेस्त्रीना ह्यांनी गीतरत्नातील वचनांवर पाच स्वरांची २९ गीते रचली आणि ती पोप तेरावे ग्रेगरी ह्यांना अर्पण केली. अर्पणपत्रिकेत त्यांनी आपण पूर्वी लौकिक प्रेमाच्या कवितांना चाली दिल्या ह्याबद्दल लाज आणि खेद व्यक्त केला. म्हणजे माणसांच्या प्रेमगीतांचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जे पुस्तक निवडले, तेही प्रेमगीतांचेच! रूपकाचा पडदा इतका दाट झाला होता की ह्यातील गंमत कोणाला जाणवलीही नसावी.

विसाव्या शतकातील संगीतकारांनी हा पडदा हळूहळू बाजूला सारला. १९२९ साली कॅनडात हीली विलन ह्यांनी वसंत ऋतूच्या वर्णनाचे वचन वृंदगायनासाठी घेतले. १९५२ साली फ्रान्समध्ये दानिएल-लेस्यूर ह्यांनी बारा स्वरांसाठी ह्या काव्याची मोठी रचना केली. परंतु आम्ही येथे विचार करणार आहोत तो विल्यम वॉल्टन ह्यांच्या एका लहानशा गीताचा. वॉल्टन (१९०२–१९८३) ह्यांचे बालपण ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्चच्या गायनवृंदात गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागातील सेंट मेरी ॲबट्स ह्या मंदिरात आयव्हर गेस्ट आणि लेडी मेबल फॉक्स-स्ट्रँगवेज ह्यांचा विवाह झाला. त्या प्रसंगासाठी त्यांनी ‘सेट मी ॲज अ सील अपॉन दाइन हार्ट’ हे गीत रचले. इंग्लंडच्या अँग्लिकन उपासनेत अशा शास्त्राधारित वृंदगीताला ‘अँथेम’ म्हणतात. ह्याला ऑर्गनची अथवा अन्य कोणत्याही वाद्याची साथ नाही. प्रारंभी एकच पुरुषस्वर पुढे होतो, मग इतर स्वर त्याच्याभोवती जमतात. सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपते, आणि आटोपते तेही हलक्या आवाजात, जणू कोणी दार ओढून घ्यावे तसे.

आम्ही हे गीत प्रथम ऐकले ते सेमिनरीच्या दिवसांत, एका जुन्या कॅसेटवर. आता चिंचपाड्यासारख्या ठिकाणीही ते मोबाइलवर ऐकता येते. त्याच्या मागे कसलेही रूपक उभे केलेले नाही. एक स्त्री एका पुरुषाला सांगत आहे की मी तुझ्या हृदयावर आणि बाहूवर कायमची ठसून राहावे, आणि समोर खरोखरच एक वधू आणि एक वर उभे आहेत. २५ डिसेंबर २००५ रोजीच्या ‘देउस कारितास एस्त’ ह्या परिपत्रकात पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीही हेच मान्य केले की ही मुळात प्रेमगीते होती आणि कदाचित इस्राएलातील लग्नाच्या मेजवानीसाठीच ती रचली गेली असावीत. संत बर्नार्ड ह्यांचा अर्थ त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट त्याला पाया मिळतो. माणसाचे प्रेम खरे नसेल तर ते देवाच्या प्रेमाची खूण तरी कसे होणार?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. वॉल्टन ह्यांनी हे शब्द घेतले आहेत आठव्या अध्यायाच्या सहाव्या आणि सातव्या वचनांतून, १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरातून. त्यांनी काय घेतले ते सर्वांना ठाऊक आहे: हृदयावरची मुद्रा, मृत्यूच्या तोडीचे प्रेम, आणि महापुरांनाही न विझणारी त्याची आग. त्यांनी काय सोडले, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सहाव्या वचनाचा उत्तरार्ध त्यांनी सोडला आणि सातव्याचाही उत्तरार्ध सोडला. पुढे अमेरिकेत रेने क्लॉसन ह्यांनी ह्याच वचनांवर जे गीत रचले, आणि जे आज जगभरातील गायनवृंद विवाहप्रसंगी गातात, त्यातही हेच दोन तुकडे गळाले आहेत.

पहिला गाळलेला तुकडा मत्सराचा आणि ज्वालेचा आहे. प्रेमातील अनन्य हक्काची भावना अधोलोकासारखी कठोर असते, असे तेथे म्हटले आहे. लग्नाच्या दिवशी असे शब्द कोणाला नको वाटले तर त्यात दोष नाही. परंतु त्याच ठिकाणी एक आश्चर्य दडलेले आहे. ज्वालेसाठी जो मूळ इब्री शब्द आहे त्याच्या शेवटी ‘याह’ हे अक्षर येते, आणि याह हे तर परमेश्वराच्या नावाचे संक्षिप्त रूप. कित्येक अभ्यासक म्हणतात की येथे ते केवळ ‘अतिप्रचंड’ एवढ्याच अर्थाने जोडले आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीही तोच अर्थ धरला. इतर म्हणतात की ही साक्षात परमेश्वराचीच ज्वाला होय. दुसरा अर्थ खरा मानला तर ह्या एकशे सतरा वचनांत देवाचे नाव येते ते एवढ्या एकाच जागी, तेही शब्दाच्या शेपटाशी, दोन माणसांच्या प्रेमाच्या आगीत. नेमकी तीच जागा अँथेममध्ये नाही.

दुसरा गाळलेला तुकडा पैशाचा आहे. आपल्या घरातील सारी संपत्ती देऊन कोणी प्रेम विकत घेऊ पाहील तर लोक त्याची छी-थू करतील, असा त्याचा आशय आहे. वॉल्टन ह्यांनी तो का गाळला हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. तीन मिनिटांच्या गीतात सारे मावत नाही, आणि महापुराच्या भव्य प्रतिमेनंतर व्यवहाराची भाषा संगीताला उतरंडीची वाटते, हे आम्ही समजू शकतो. ज्या घराण्यात तो विवाह होता ते इंग्लंडातील धनाढ्य उमराव घराण्यांपैकी एक होते, एवढी नोंद करून पुढे जाऊ. कारण बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी आपले घर पाहणे बरे. आमच्या कॅथोलिक विवाहविधीच्या वाचनग्रंथात जुन्या करारातील जे उतारे दिले आहेत त्यांत गीतरत्नाचाही उतारा आहे. दुसऱ्या अध्यायातील काही वचने, आणि मग आठव्या अध्यायातील सहावे वचन संपूर्ण व सातवे अर्धे. ज्वाला आम्ही ठेवली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण वाचन संपते ते पुराच्या पाण्यापाशी. पैशाच्या वाक्याआधी वाचक ग्रंथ मिटतो आणि आपण सर्व देवाचे आभार मानतो.

हे अर्धे वचन शहरातील एखाद्या मंदिरात गळाले तर कदाचित कोणाचे काही अडणार नाही. आमच्याकडे मात्र अडते. चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे छोटेसे स्टेशन. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून आम्ही नंदुरबारचे. भोवती मावची, गावित, भिल्ल अशा आदिवासी बांधवांच्या वस्त्या आहेत. पठारावरच्या समाजांत मुलीच्या बापाकडून हुंडा घेतात; १९६१ च्या कायद्याने त्याला बंदी असूनही घेतात. येथे रीत उलटी आहे. येथे मुलाकडचे लोक मुलीच्या घरी देज देतात. देजाची रक्कम पंचांसमोर ठरते, आणि ती चुकती होईपर्यंत कित्येक जोडपी पूर्ण विधीवाचूनच एकत्र संसार करतात. समाज त्याला बोल लावत नाही. ज्याच्याजवळ देज नाही तो तरुण काही ठिकाणी सासऱ्याच्या शेतात काही वर्षे राबतो. याकोबाने राहेलसाठी लाबानाच्या घरी सात वर्षे आणि पुन्हा सात वर्षे सेवा केली, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आमच्या लोकांना फोड करून सांगावी लागत नाही.

देजाला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. मुलगी हे ओझे नाही, तिच्या जाण्याने तिच्या घराचे नुकसान होते, तिच्या हातांच्या कष्टांना मोल आहे, हे त्या रीतीत मान्य केलेले आहे. ज्या समाजात मुलगी जन्माला येताच बापाचा चेहरा पडतो, त्या समाजाने ह्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे. परंतु अलीकडे देजाची रक्कम येते कोठून? दिवाळी आटोपली की येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. लग्नखर्च आणि देज ह्याच उचलीतून भागवले जाते, आणि मग नवे जोडपे आपल्या लग्नाचे कर्ज स्वतःच्याच कोयत्याने तोडत राहते. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको अशी दोन माणसे नसतात. दोघांचा मिळून एक ‘कोयता’ असतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दोघे एक होतील, हे आम्ही वेदीवरून सांगतो. मुकादमाने ते आपल्या हिशेबासाठी आधीच अमलात आणलेले आहे!

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका जोडप्याचा विवाहसंस्कार आम्ही एका वस्तीवर केला. त्यांना एकत्र राहून बावीस वर्षे झाली होती. थोरली मुलगी स्वतः लग्नाच्या वयाची होती आणि आईच्या पाठीशी उभी होती. इतकी वर्षे ते संस्कारासाठी आले नव्हते, कारण देजाचा शेवटचा हप्ता राहिला होता. तो फेडल्याशिवाय देवासमोर उभे राहणे नवऱ्याला अपमानाचे वाटे. नेमलेले वाचन झाले. प्रवचनात आम्ही न वाचलेल्या अर्ध्या वचनाचा आशय साध्या भाषेत सांगितला. नवरा मान खाली घालून ऐकत होता. त्याला ते बोचले असावे असे आम्हांला वाटले, कारण ज्या रकमेसाठी त्याने बावीस हंगाम घालवले, तिला आम्ही काही किंमत देत नाही असा त्याचा अर्थ होऊ शकत होता.

उत्तर दिले ते तिने. मिस्सा संपल्यावर मांडवात जेवणाची पंगत बसली तेव्हा ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, “फादर, बापाला दिलं ते मुकादमाच्या वहीत लिहिलंय. मला दिलं ते कुठं लिहिलंय?” आणि मग तिने सांगितले. धाकट्याच्या वेळी ती आजारी पडली होती, महिनाभर उठता येत नव्हते. त्यांचा कोयता अर्धा होऊ नये, तिची मजुरी कापली जाऊ नये, म्हणून तो पहाटेच्या अंधारात फडात जाऊन दोघांचा ऊस एकटा तोडत असे. मुकादमाला कळू नये म्हणून तिची ओढणी तो बांधावर टाकून ठेवी. हे सांगताना ती हसत होती, आणि नवरा दुसरीकडे पाहत होता.

आम्ही सेमिनरीत गीतरत्नावरची भाष्ये वाचली. त्यांपैकी एकाही भाष्यकाराने त्या अर्ध्या वचनाचा अर्थ इतका नेमका सांगितलेला आम्हांला स्मरत नाही. शास्त्र देण्याघेण्याची थट्टा करत नाही. ते म्हणते की जे खरे दिले जाते ते वहीत बसत नाही. घरातील सारी संपत्ती देणारा हास्यास्पद ठरतो, कारण त्याला वाटते की आता हिशेब पुरा झाला. प्रेमाचा हिशेब पुरा होत नसतो. आणि जे पुरे होत नाही त्यालाच महापूर बुडवू शकत नाही. महापूर म्हणजे काय हेही आमच्या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. तापीवर १९७२ साली उभ्या राहिलेल्या उकाई धरणाच्या जलाशयाने सीमेवरची गावे गिळली, आणि सरदार सरोवराच्या पाण्याने आमच्याच जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे घेतली. घर, शेत, पितरांचे दगड पाण्याखाली गेले. नवी वसाहत उभारली ती बहुधा नवराबायकोच्या जोडीनेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे की अर्ध्या वचनाची गरज ज्यांना सर्वांत अधिक आहे, त्यांच्या कानावर ते पडले पाहिजे, आणि कानावर पडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे गाणे. वाचलेले विसरते, गायिलेले राहते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यातील ११९ व्या कलमात ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान आणि स्थान द्यावे असे सांगितले आहे. १२१ व्या कलमात गीतांचे शब्द प्रामुख्याने पवित्र शास्त्रातून घ्यावेत, आणि संगीतकारांनी केवळ मोठ्या गायनवृंदांसाठीच नव्हे तर लहान वृंदांसाठीही रचना कराव्यात असा आग्रह धरला आहे. आमच्या वस्तीवरच्या वृंदात सात बाया, तीन पोरे आणि एक ढोल आहे. ह्याहून लहान वृंद परिषदेच्या मनात क्वचितच असेल.

वॉल्टन ह्यांची रचना आम्हांला ह्यात परकी वाटत नाही, उलट वाट दाखवते. एकच स्वर पुढे होतो आणि बाकीचे त्याला घेरतात, ही पद्धत आमच्या बायांना ठाऊक आहे. लग्नाच्या रात्री एक जण ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात, आणि पहाटेपर्यंत हे चालते. त्या गाण्यांत नवरीच्या माहेरची आठवण असते, व्याह्यांची थट्टा असते, आणि देजाचाही उल्लेख असतो. म्हणजे पैशाची गोष्ट लग्नाच्या गाण्यात आणायला त्या लाजत नाहीत. लाजलो ते आम्ही, मंदिरातले लोक. लंडनच्या त्या मंदिरात जे शब्द संगीताला जड झाले, ते ह्या गाण्यांत सहज पेलले जातील.

वसईपासून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरपर्यंत मराठी उपासनासंगीतात काम करणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक कलावंत आज थोडे नाहीत. ह्या त्रैमासिकाच्या वाचकांतही ते असतील. त्यांना आमची विनंती आहे की गीतरत्नाच्या आठव्या अध्यायातील सहावे आणि सातवे अशी दोन वचने त्यांनी हाती घ्यावीत, आणि पूर्ण घ्यावीत. चाल सोपी असावी, वाद्यावाचून गाता यावी, मावचीत आणि भिलीत उतरवता यावी. वाचनग्रंथात जे नेमले आहे ते नेमलेलेच राहील. त्यात हात घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अर्पणविधीच्या वेळी अथवा विधीच्या अखेरीस गाण्याला जागा असते. त्या जागी मुद्रा असावी, मृत्यू असावा, परमेश्वराचे नाव लपवून ठेवणारी ती ज्वाला असावी, महापूर असावा, आणि शेवटी पैशाचे ते वाक्यही असावे. ते कानावर पडले म्हणजे कर्जात लग्न लागलेल्या जोडप्यालाही कळेल की त्यांची किंमत मुकादमाच्या वहीत लिहिलेली नाही.